बोगद्यातला निळा धूर

"मावशी, गाडी पेटली!" बोका किंचाळला.

गॅरेजच्या अंगणात सगळे दचकून मागे सरले. मावशीच्या गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघाला होता. गॅरेजवाले काका मात्र कापडाला हात पुसत हसत होते.

"पेटतेय कसली! अख्खं इंजिन नव्यानं बांधलंय. पिस्टनच्या नव्या रिंगा जागेवर बसेपर्यंत थोडा धूर निघणारच."

"पण निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय ना?" टिकलीनं विचारलं. "आणि ऑइल जळतंय म्हणजे ते नको तिथे पोचतंय!"

"सुट्टी लागली की पोरांना फार अक्कल फुटते बघा!" काका मावशीकडे वळले. "ताई, हा ऑइलचा डबा डिकीत ठेवा. कमी झालं तर ओता. बिनधास्त चालवा!"

टिकलीला काही ते पटेना. ऑइल कमी होणार हे यांना आधीच ठाऊक आहे, मग बिनधास्त कसं चालवायचं? पण मावशीला थांबून चालणार नव्हतं. आजोबांच्या किडन्या काम करत नव्हत्या. त्यांचं रक्त मशीनवर शुद्ध करून घ्यायला डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात वेळेवर पोचायलाच हवं होतं. मागची खेप गाडी गॅरेजमध्ये अडकल्यामुळे चुकली होती. आजोबांचे पाय सुजले होते आणि बोलताना त्यांना धाप लागत होती.

टिकली मावशीशेजारी पुढे बसली. मागे आजोबांच्या एका बाजूला तिचा धाकटा भाऊ बोका, दुसऱ्या बाजूला मावशीचा मुलगा. त्याच्या जाडजूड चष्म्यामुळे सगळे त्याला दुर्बीण म्हणत.

चढ लागला तसा धूर वाढला.

"आई, मागचा रस्ताच दिसत नाहीये!" दुर्बीण मागच्या काचेला नाक लावून म्हणाला.

"मला नका घाबरवू रे!" मावशी म्हणाली. स्टीअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

डोंगरमाथ्यावर बोगदा सुरू झाला. आत उतार होता, पिवळे मिणमिणते दिवे होते आणि कानात घुमणारा इंजिनाचा आवाज. थोडं आत गेल्यावर टिकलीच्या नाकात करपट वास शिरला. हवेच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ बाहेर येत होती. रेघेची दोरी झाली, दोरीचा पडदा. आजोबा खोकू लागले. काही केल्या त्यांचा खोकला थांबेना!

आणि समोर लाल दिवा लागला. ऑइलचा!

"इंजिन बंद कर मावशी!" टिकली ओरडली. "गिअर काढ! उतार आहे, गाडी आपोआप बाहेर जाईल. पण किल्ली काढू नकोस, नाहीतर स्टीअरिंग लॉक होईल!"

इंजिन गप्प झालं. त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. फक्त चाकांची घरघर आणि आजोबांचा घुसमटलेला श्वास. खिडक्या उघडल्या, तरी पुढच्या काचेबाहेर धूरच धूर. पाठीमागून एका ट्रकचा हॉर्न असा दणाणला की बोक्यानं आजोबांच्या कुशीत तोंड खुपसलं.

दूर उजेडाचा ठिपका दिसला. तो भराभर मोठा होऊ लागला. फार भराभर!

"ब्रेक!" दुर्बीण ओरडला.

"दाबतेय रे! इंजिन बंद केल्यापासून दगडासारखा झालाय!" मावशी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभीच राहिली होती. "टिकली, हँडब्रेक! हळूहळू ओढ, झटका देऊ नकोस!"

टिकलीनं दोन्ही हातांनी दांडा धरला. थोडा ओढला. आणखी थोडा. गाडी उन्हात बाहेर आली, खडीवर घसरली आणि कठड्याला टेकायच्या आत थांबली. ट्रक वाऱ्यासारखा बाजूनं निघून गेला.

"उतरा! आधी आजोबा!"

दोघा पोरांनी आजोबांना आधार देत लांब नेऊन कठड्यावर बसवलं. बॉनेटच्या फटींतून धूर येत होता. मावशी पुढे धावली, तशी टिकलीनं तिचा हात पकडला. "लगेच उघडू नकोस! आत आग असली तर हवा मिळून भडकेल!"

मग नुसतं बघत राहणं आलं. फोनला रेंज नव्हती. मावशीनं हात केला, पण एकही गाडी थांबली नाही. आजोबांचे ओठ काळसर दिसत होते. बोका त्यांना दुर्बिणीच्या वहीनं वारा घालत होता आणि मुकाट्यानं रडत होता.

धूर विरला. बॉनेट गार झाल्यावर मावशीनं ते जपून उचललं. आग नव्हती. पण तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर ऑइल उडून करपलं होतं, आणि ऑइल मोजायची पट्टी अर्धीअधिक बाहेर आली होती.

"घट्ट बसवायची राहिली असेल," मावशी म्हणाली. तिनं पट्टी आत दाबली, पाइप पुसून काढला, डब्यातलं ऑइल ओतलं आणि इंजिन चालू केलं.

तिघं बघत होते. पट्टी हलली. मग हळूच वर सरकू लागली... आतून कोणीतरी ढकलल्यासारखी!

"भू-भूत!" बोका मागे सरकला.

"भूत नाही, हवा!" टिकली म्हणाली खरी, पण तिच्याही अंगावर काटा आला होता. "दुर्बीण, वहीचा कागद दे! मावशी, ऑइल ओतायचं झाकण काढ."

तिनं उघड्या तोंडावर कागद धरला. फाट्कन तो उडून दुर्बिणीच्या चष्म्यावर चिकटला.

"आत हवा कोंडलीय! कुकरची शिट्टी बुजली तर काय होईल? तसंच! कोंडलेली हवा ऑइलला मिळेल त्या फटीतून ढकलतेय. थोडं आत जाऊन जळतंय, थोडं बाहेर उडतंय."

"म्हणजे इंजिनाला श्वास घ्यायला जागा असेल," दुर्बीण कागद काढत म्हणाला, "आणि ती बंद झालीय!"

मावशीनं इंजिन बंद केलं. इंजिनाच्या माथ्यावरून एक रबरी नळी हवेच्या फिल्टरकडे जात होती. टिकलीनं ती उपसली. नळी आतून कोरडी ठणठणीत! तिच्यातून काही वाहिलंच नव्हतं. नळीखालच्या भोकात तिनं केसांचा आकडा घातला. काहीतरी मऊ लागलं. आकडा अडकवून ओढलं, तर एक चौकड्यांची, ऑइलनं चिंब चिंधी बाहेर आली!

नळी, झाकण आणि पट्टी जागेवर बसवून मावशीनं पुन्हा इंजिन सुरू केलं. या वेळी पट्टी जागची हलली नाही. जमा झालेला धूर थोडा वेळ येत राहिला, मग पातळ होत गेला. लाल दिवाही विझला.

हॉस्पिटलात नर्सताईंनी आजोबांना बघताच मशीनवर घेतलं. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं," त्या मावशीला हळूच म्हणाल्या. ते ऐकल्यावर मात्र टिकली बाकावर बसली आणि बोक्याला घट्ट धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिघं मावशीबरोबर गॅरेजात हजर झाले.

"काय, बसल्या का रिंगा?" काकांनी हसत विचारलं.

"काका, एक शंका होती," टिकली साळसूदपणे म्हणाली. "इंजिन उघडं असताना त्याच्या माथ्यावरच्या नळीच्या भोकात कचरा नाही का पडत?"

"मी काय कच्चा वाटलो तुला? कापड कोंबून ठेवतो ना!"

"आणि मग काढता?"

"काढतो म्हणजे काय, काढतोच..." काका अडखळले. टिकलीनं पिशवीतली चिंधी टेबलावर ठेवली. काकांच्या खांद्यावरच्या कापडालाही तशाच चौकड्या होत्या. तिनं बोगद्याबद्दल सांगितलं, आजोबांच्या काळ्या ओठांबद्दल सांगितलं. काकांचं हसू कधीच मावळलं होतं.

त्यांनी बाहेर जाऊन गाडी सुरू केली. सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरला. मावशीनं आत बसून ॲक्सिलरेटर दाबला, सोडला. रुमाल पांढराच राहिला.

"चूक माझी, ताई," ते मावशीला म्हणाले. "घरी येऊन आजोबांची माफी मागतो." मग ते टिकलीकडे वळले. या खेपेला त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"आतमध्ये एक इंजिन जोडून तयार आहे, बाई. उद्या गिऱ्हाईक न्यायला येईल. त्याआधी तू एकदा बघून देशील?"

टिकलीनं बाह्या वर सारल्या.