बावडीतून आलेली पावलं

अंगणातल्या शहाबादी फरशीवर लहान मुलीची ओली पावलं होती. मागच्या बावडीच्या वरच्या पायरीपासून निघून ती थेट उंबऱ्याशी आली होती. भुताखेतांवर आपला विश्वास नाही असं वाटभर बजावणारा श्रीकांत हळूच शर्वरीच्या मागे सरकला. ती हैदराबादच्या आबिड्समधली खासगी गुप्तहेर, तो तिचा सहायक.

"माझी बहीण रेणू लहानपणीच या बावडीत बुडाली," घरमालक ओमकार म्हणाला. "सापडलीच नाही. आता बिल्डर बावडी बुजवून फ्लॅट काढतोय, तर ही पावलं! आई सहीच करत नाही. कुणाचं काम आहे, तेवढं शोधा मॅडम."

गंडिपेट तलावाचं पाणी नळाने येण्याआधी सुलतान बाजारातली ही अख्खी गल्ली या बावडीवर जगली होती. तीन बाजूंना कमानी, चौथीला पायऱ्या, वर मोटेचा दगडी धक्का. आता पाणी पार तळाला गेलं होतं. शर्वरी खाली उतरली. पायऱ्यांवरची धूळ जशीच्या तशी होती. श्रीकांत वरच थांबला. खाली कुणीतरी श्वास घेतंय, असं त्याला सारखं वाटत होतं.

वर येऊन शर्वरीने पावलांचा वास घेतला. "ब्लीचिंगचा वास. आता पावलं नीट बघ."

"सगळी आत येणारी. परत गेलेलं एकही नाही." श्रीकांतने दाराकडे पाहिलं. "म्हणजे ती घरातच आहे!"

"आणि सगळी एकाच पायाची."

ओमकारचे चुलते अप्पाराव लंगडत आले. "बावडी बुजवू नका म्हणून मी घसा फोडतोय. ऐकतो कोण?"

"लंगडे!" श्रीकांत कुजबुजला.

"त्यांचा पंजा बघ केवढा आहे. गप्प बस."

ओमकारची बायको निशिगंधा वैतागली होती. "नळ एक दिवसाआड येतो, आणि नेमकी त्याच दिवशी पावलं. पहाटे सासूबाई पाणी भरतात. मी उठते तोवर ही हजर."

ओमकारची आई चतुराबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, डावा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारी महालक्ष्म्यांच्या सणाला काढलेली कुंकवाची पावलं पुसट झाली होती. "माझी पोरगी येती," त्या एवढंच म्हणाल्या.

शर्वरीने सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"पावलं बावडीतून आली असती तर पायऱ्यांवरची धूळ मोडली असती. पाण्याला ब्लीचिंगचा वास आहे, म्हणजे ते नळाचं; म्हणून पावलं नळाच्याच दिवशी उमटतात. महालक्ष्म्या घरात आणताना बायका मूठ टेकवून पावलं काढतात, वर बोटांचे टिपके. एका मुठीचा एक पाय, दुसरीचा दुसरा. ती नेहमी आत येणारीच. बाहेर जाणारी लक्ष्मी कोण काढील? आणि एकच हात मोकळा असेल, तर पाऊलही एकाच पायाचं उठतं."

सगळ्यांच्या नजरा प्लास्टरकडे वळल्या.

"हौ, मीच," चतुराबाई म्हणाल्या. "लेकरू अजून आतच हाय रे ओमकार. वरून माती लोटलीस तर तिनं यावं कुठून?"

ओमकारला हुंदका आवरेना. "नाही म्हणून सांगतो बिल्डरला," तो कसाबसा म्हणाला. मग त्याने आईने पहाटे भरलेल्या बादलीत डावी मूठ बुडवली आणि आईच्या प्रत्येक पावलाशेजारी राहिलेलं पाऊल टेकवत निघाला.

इतक्या वर्षांनी रेणू दोन्ही पायांनी चालत उंबऱ्याशी आली.