आईच्या बंदुकीला नवा मुलामा

तेलाचा फडका डोरीनच्या हातात होता!

व्लास्ता स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. रविवारची संध्याकाळ, काचेचं कपाट सताड उघडं, वडिलांच्या वेळच्या त्या जुन्या पंपाच्या बंदुका टेबलावर मांडलेल्या, आणि नवी भावजय खुशाल एकेक नळी पुसत बसलेली... शेजारी एमिल! जेवताना चार शब्द न बोलणारा तिचा भाऊ बायकोला हसत हसत शिकवत होता, की ही खालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढे ढकलली की नवं आत जातं. इतकी वर्षं दर रविवारी हे काम व्लास्ताचं होतं. ते काढून घेतानाही तिला कुणी विचारलं नव्हतं.

"तू दमतेस ताई, म्हणून म्हटलं हिला शिकवून ठेवू," एमिल म्हणाला.

दमते म्हणे! आई गेली तेव्हा हा पोरगा शाळेत जाणारा, वडील दुःखाने अर्धे झालेले. त्या घराची धुरा जिने आपल्या कोवळ्या खांद्यावर घेतली, ती तेव्हा दमली नव्हती, आणि आता दमते होय? आईच्या लहान नळीच्या विंचेस्टर बंदुकीने नेमबाजीच्या क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांचा भुगा करणारी ही मुलगी! पण एमिल बंदूक हाती धरण्याजोगा झाला आणि तिने क्लबाच्या पथकातली आपली जागा त्याला देऊन टाकली. योसेफने मागणी घातली तर त्यालाही नाही म्हणाली, कारण एमिलला गरम जेवण कोण घालणार? हा सारा त्याग तिने कधी बोलून दाखवला नाही... आणि न बोललेल्या त्यागाची आठवण कोण ठेवतो?

खोटं कशाला सांगा, डोरीन वाईट नव्हती. लिंकन शहरात टेलिफोन कंपनीत नोकरी केलेली, हसरी, जरा बडबडी. पण व्लास्ताच्या डोळ्यांत तिचं हसणंच खुपायचं. शेतावरच्या लिलावांना एमिल जुन्या बंदुका धुंडाळायला जाई, तेव्हा ट्रकमध्ये त्याच्या शेजारी कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन व्लास्ता बसायची. आता तिथे डोरीन बसत होती, आणि व्लास्ता घरी कोंबड्यांना दाणे टाकत होती. ट्रक वळणावर दिसेनासा झाला की तिच्या काळजात मत्सराची अशी कळ उठे, की तिची तिलाच शरम वाटायची.

मक्याच्या कापणीच्या दिवसांत डोरीन हळूच तिच्याजवळ आली. व्लास्ता कोलाच्यांसाठी, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांसाठी, पीठ मळत होती.

"ताई, सासूबाईंच्या बंदुकीचा रंग पार उडालाय हो. खालच्या बाजूला तर पांढरं लोखंड दिसतंय. नवा मुलामा देऊन, लाकूड घासूनपुसून आणलं तर? यांना आवडेल ना?"

व्लास्ताचे हात पिठातच थांबले. जुन्या बंदुका जमवणाऱ्या माणसाच्या घरात जन्मलेल्या लेकरालाही ठाऊक असतं, की अशा बंदुकीचा मूळ रंग म्हणजे तिचा प्राण! झिजला तरी तोच ठेवायचा. एमिल तर नव्याने रंगवलेल्या बंदुकीला हातही लावत नसे. म्हातारीने लिपस्टिक लावलीय म्हणायचा आणि पुढे जायचा. आणि ते पांढरं लोखंड... आई बंदूक हातात झुलवत शेतातून यायची, तिच्याच बोटांनी ती जागा झिजली होती. हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

"आण की," व्लास्ता म्हणाली. "त्याला चकचकीत वस्तू फार आवडतात."

सटवीला क्लबात मिरवायचं असेल. मिरवू दे. एकदा तरी एमिलच्या मनातून उतरू दे! पुढे एकदा एमिलने कपाटातली रिकामी जागा पाहून विचारलं, तर व्लास्तानेच सांगितलं की बंदूक कापडी पिशवीत नीट ठेवलीय. त्या रात्री तिला झोप लागली नाही; दुसऱ्या रात्री लागली.

क्लबाच्या शरदातल्या स्पर्धेचा दिवस उजाडला. बदक, डंपलिंग आणि आंबट कोबीचं जेवण उरकून पुरुषमंडळी आपापल्या जुन्या बंदुका एकमेकांना दाखवत बसली होती. डोरीनने पिशवी टेबलावर ठेवली आणि लहान मुलीच्या उत्साहाने तिची चेन ओढली.

काळीनिळी, आरशासारखी लखलखणारी बंदूक बाहेर आली. क्लबातला म्हातारा ओटाकार पुटपुटला, "अरेरे... ही तर तुझ्या आईची ना रे, एमिल?" मागून कुणीतरी लिपस्टिकचं काहीतरी बोललं.

एमिलने बंदूक उलटी करून खालची जागा पाहिली. तिथे आता काहीच नव्हतं. अंगठ्याने तो ती जागा चाचपत राहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाला विचारून केलंस हे?"

डोरीनची नजर क्षणभर व्लास्ताकडे वळली. त्या क्षणात तिला सगळं समजलं, आणि तिला समजलं हे व्लास्तालाही समजलं. आता ही नाव घेणार... व्लास्ताने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कुणालाच नाही," डोरीन खाली बघत म्हणाली. "माझंच डोकं. ताईंसाठी केलं मी. तुम्हीच सांगितलं होतं ना, तुमच्यासाठी त्यांनी बंदूक खाली ठेवली म्हणून? त्या नवीन काही घेणार नाहीत. म्हटलं त्यांचीच नीट करून द्यावी. त्यांचा कोट नेऊन बाहीच्या मापाने खांद्याला टेकणारा दस्ता लांब करून घेतला. मला ती लांब होते."

"आईचा हात होता तिच्यावर," एमिल घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ताईने इतकी वर्षं जपला. तू चार महिन्यांत पुसून टाकलास. घरातल्या कशालाच हात लावू नकोस आता. जा, ट्रकमध्ये बस. तुझ्या आईकडे जायचं असेल तर तिकडे सोडतो."

डोरीन निमूटपणे उठली.

झालं! व्लास्ताला हवं होतं ते अक्षरशः तिच्या पदरात पडलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. ट्रकमधली ती जागा, रविवारची संध्याकाळ, एमिल... सारं परत मिळणार होतं! पण दाराकडे जाणाऱ्या त्या पाठमोऱ्या पोरीकडे पाहताना तिला कोटाची ती बाही आठवली. आजवर या घरासाठी तिने जे जे सोडलं, त्याच्या मोबदल्यात तिच्यासाठी कुणी कोटाच्या बाहीचं माप घेतलं नव्हतं.

"थांब गं," ती म्हणाली. "एमिल, तिने मला विचारलं होतं. आण म्हणून मीच सांगितलं."

"तू? तुला तर माहीत..."

"सगळं माहीत होतं. जळत होते मी हिच्यावर. तुझ्या मनातून हिला उतरवायचं होतं मला. आईचा हात मी पुसला रे, हिने नाही."

सारा क्लब ऐकत होता. डोळे भरून आले तसा एमिल बाहेर कुंपणाजवळ जाऊन उभा राहिला.

व्लास्ता डोरीनजवळ गेली.

"तुला कळलं होतं. मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"मी गेले असते तर मला आई आहे," डोरीन म्हणाली. "तुम्हाला यांनी घराबाहेर काढलं असतं, तर तुम्ही कुठे गेला असता?"

आईच्या शवपेटीपाशीही न रडलेली व्लास्ता त्या पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. कितीतरी वेळाने ती एवढंच म्हणाली, "मलाही ने गं तुझ्या आईकडे. एकदा."

"रविवारी जाऊ," डोरीन नाक पुसत म्हणाली.

एमिल आत आला तेव्हा त्याने दोघींकडेही पाहिलं नाही. टेबलावरची बंदूक उचलून तिचा पंप त्याने मागे-पुढे करून बघितला.

"संग्रहातून गेली ही," तो रुक्षपणे म्हणाला. "आता नुसती उडवायची. ताई, आज मला तुझ्याशी फार बोलता येणार नाही. पण पथकात एक माणूस कमी आहे."

त्याने मूठभर काडतुसं तिच्या ओंजळीत ठेवली. व्लास्ताने दस्ता खांद्याला लावला. अगदी बरोबर बसला! डोरीन मागे येऊन उभी राहिली. चकती आकाशात उडाली, डोळ्यांतल्या पाण्याने तिच्या दोन झाल्या, आणि व्लास्ताचा नेम साफ चुकला.

"नेम चकतीच्या थोडा पुढे धर," एमिल मागून म्हणाला. "दुसरी सोडायला सांगतो."