लांब तोटीचं बोंडलं

बसा. साईश, तो कंदील लांब ठेव रे, डोळ्यांवर येतो. आणि ऋतिका, भिणार असशील तर आत्ताच आत जा. मध्येच "मामा, पुरे" म्हणायचं नाही. खरं तर मलाच आता ही गोष्ट सांगायचा कंटाळा येतो. पण घडली ती माझ्या मित्राच्या घरी, इथंच पार्शात, आणि तुम्ही काही मला सोडणार नाही.

गोकुळदास त्याचं नाव. शाळेत माझ्याबरोबर एका बाकावर होता, पुढे पंचायतीत कारकून झाला. लग्नाला कितीतरी वर्षं लोटल्यावर त्याला मुलगी झाली, आणि झाली तीच अशक्त. अंगावरचं दूध ओढायची ताकद नव्हती पोरीत. तेव्हा त्याच्या बायकोनं, प्रभावतीनं, जुन्या पेटाऱ्यातून एक चांदीचं बोंडलं काढलं. बोंडलं ठाऊक आहे ना? तान्ह्या पोराला दूध पाजायचं, तोटी असलेलं भांडं. कोणाचं, कधीचं, घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिनं ते चिंचेनं घासून लख्ख केलं. पोर त्यातून घटाघटा प्यायली. दोघांना काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण दूध संपायचं आणि पोर वाळायची. महिनाभरात नुसती काडी झाली. डॉक्टर म्हणाले, दूध वाढवा. वाढवलं, तेही संपलं. रात्र रात्र जागून नवरा-बायको इतके दमले की एकमेकांशी बोलायचंही त्यांच्यात त्राण उरलं नाही. शेवटी एका सकाळी प्रभावतीनं ते भांडं पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं.

"पोरीचे ओठ दूध प्याल्यावरय कोरडेच रवतत," ती म्हणाली. "मगे दूध जाता खंय? ह्यां कोणी केलां, कित्याक केलां, तां इचारून येवा. तोपर्यंत मी चमच्यान पाजतंय."

तो दिवस शनिवार, तीस मे, सत्त्याऐंशी. गोवा घटकराज्य झालं तोच दिवस. कोंकणी की मराठी म्हणून भांडून भांडून सगळ्यांचे घसे बसले होते, आणि आता म्हापशात तीच माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. गोकुळदासाला त्याचं काही नव्हतं. बस बदलून तो डिचोलीला विठ्ठल शेटांकडे पोचला. शेट म्हणजे पिढीजात सोनार.

शेटांनी सगळं ऐकून घेतलं आणि भांडं उपडं केलं. बुडाला टिकलीएवढा पोपट कोरलेला होता. ती खूण शेटांनी लगेच ओळखली.

"माझ्या आज्याचां काम. बाबाजी शेटाचां," ते म्हणाले. "पण गोकुळदासा, ह्यां बोंडलां न्हय."

"न्हय? मगे काय?"

शेटांनी तोटीवरून बोट फिरवलं. बोंडल्याची तोटी आखूड असते, मांडीवरच्या पोराच्या तोंडाला लागेल एवढीच. ही लांब होती आणि एका बाजूला वळलेली. उताण्या पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याच्या तोंडात धार सोडता यावी, अशी. मरणाऱ्याला शेवटची गंगा पाजायचं भांडं होतं ते!

"तुझ्या पणजीसाठी केलेलां," शेट म्हणाले. त्यांनी आज्याच्या तोंडून ऐकलेलं सगळं सांगितलं. म्हातारी शेवटच्या रात्री "पाणी, पाणी" करत होती. पण तिच्या मुलांनी गावभर बोलून ठेवलेलं, आमच्या आईला गंगा पाजणार ती चांदीच्या भांड्यातून. आत्ता येईल भांडं, आत्ता येईल, म्हणत बसले. पळीभर पाणी कोणी दिलं नाही. बाबाजी शेट पोचले तेव्हा तिच्या प्रेताला न्हाऊ घालत होते. भांडं पडवीत ठेवून ते तसेच माघारी फिरले, आणि त्यानंतर तो पोपट त्यांनी कशावरच कोरला नाही.

"दूध तीच पिता. तिका पाणी दी," विठ्ठल शेट म्हणाले. "भुंयवर हांतरूण घाल, उशी ठेव. आवशीक पाजतत तसां पाज. घाय करू नको."

मेलेल्या पणजीला आईसारखं पाणी पाजायचं, गोकुळदासाला तो वेडेपणा वाटला. मलाही वाटला असता. पण पोर मरत होती रे त्याची. तिथं कसला शहाणपणा?

शेवटच्या बसनं तो घरी आला. पोर पडून होती. चमच्यानं घातलेलं दूध ओठांच्या कडेनं ओघळत होतं. रडणंही थांबलेलं. प्रभावतीनं सगळं ऐकलं. जमिनीवर अंथरूण घातलं, नवी उशी ठेवली. देवघरातली गंगा आणली, तुळशीचं पान टाकलं. मग पोरीला छातीशी धरून कोपऱ्यात बसली.

गोकुळदास उशाशी बसला.

"पणजी... उशीर झालो गो. पी."

त्यानं भांडं कलतं केलं.

धार पडली. आवाज नाही.

उशीवर थेंब नाही.

भांडं हलकं होत गेलं... मग धार थांबली. त्यानं थांबवली नव्हती. कोणी श्वास घ्यावा, एवढा वेळ...

पुन्हा सुरू झाली.

हात मागे घ्यावा म्हटलं, तर येईना. तोटी कोणीतरी... ओठांत धरलेली.

प्रभावती बघत होती. दिव्याकडे बघत होती. परत उशीकडे...

भांडं रिकामं झालं.

मग तोटी सुटली.

काहीच नाही. कितीतरी वेळ काहीच नाही.

आणि पोर रडली. अगो बाय, केवढ्यानं रडली! प्रभावतीनं तिला पदराखाली घेतलं आणि ती ओढायला लागली. बोंडलं नको, चमचा नको. हनुवटीवरून दूध गळत होतं, ओठ ओले झाले होते, आणि ती दोघं हसत होती की रडत होती, त्यांनाच कळत नव्हतं.

उजाडल्यावर गोकुळदास अंथरूण उचलायला वाकला. चादर कोरडी होती. उशीही कोरडी. फक्त उशीला मधोमध खोल खळगा पडला होता.

त्यानं थोपटून सारखी करायला हात ठेवला...

खळगा हाताला गरम लागला. आत्ताच कोणीतरी डोकं उचलल्यासारखा.