दर दहावं नाव

विद्यार्थी माझ्या पाठीमागे मला 'दहावे सर' म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. स्थलांतराचा आर्थिक इतिहास हा माझा विषय. बंदराच्या जुन्या नोंदवह्यांत देश सोडून गेलेल्या लाखभर माणसांची नावं. सगळी उतरवायला सात जन्म पुरले नसते. म्हणून मी दर दहावं नाव घेतलं. वय, धंदा, सोबत कोण. एका माणसाला एक कार्ड. त्या कार्डांवर माझी प्राध्यापकी उभी राहिली, तीन पुस्तकं झाली, आणि घरच्यांना थट्टेला जन्मभराचा विषय मिळाला.

निवृत्तीआधी एका तळटीपेची खातरजमा करायला दफ्तरखान्यात गेलो. तीस वर्षांनी तीच वही उघडली. दहावी ओळ कोरी होती. खोडलेली नव्हे, कोरी. विसावीही. तिसावीही. बोट फिरवून पाहिलं. वरखालच्या ओळींवर टाकाचे ओरखडे लागत होते. तिथं कागद गुळगुळीत.

"या ओळी कुणी पुसल्या?" मी दफ्तरखान्याच्या बाईंना विचारलं.

त्यांनी चष्मा वर सरकवला. "पहिल्यापासून अशाच आहेत की, सर."

कार्डं मात्र घरी जशीच्या तशी होती. 'सुतार, वय बावीस, सोबत बहीण.' दुसऱ्या दिवशी वहीत बहीण शोधली. अकराव्या ओळीवर सापडली. तिच्या नावापुढे त्याच जुन्या शाईत लिहिलं होतं, 'एकटी.'

विभागात परतलो. व्हरांड्यात माझ्या आधीच्या विभागप्रमुखांच्या तसबिरी आहेत, त्या सवयीने मोजल्या गेल्या. दहावी माझ्या गुरूंची. तिथं नुसती भिंत होती.

"तुमच्या आधी नऊच जण झाले ना, सर?" शिपाई म्हणाला.

ज्यांनी मला जुनी वही हातात कशी धरायची ते शिकवलं, त्यांच्याबद्दल तो बोलत होता. मला रडू आलं. त्या दिवसापासून मी मोजणं सोडलं. पायऱ्या, खांब, माणसं, काहीच मोजायचं नाही.

पुढच्याच आठवड्यात मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली. एकुलती एक. सकाळी विमानतळावर जरा लवकरच पोचलो. तपासणीची खिडकी अजून उघडायची होती, रांग जागच्या जागी उभी. मी कठड्याबाहेर फरशीकडे बघत थांबलो. पण तीस वर्षांची खोड अशी जाते थोडीच? मान वर झाली. सात, आठ, नऊ.

दहावी ती.

मी कठड्यावरून वाकलो. तिच्या मागे एक वयस्कर गृहस्थ होते, हातात करडी पिशवी.

"अगं, या आजोबांना पुढे जाऊ दे."

"बाबा, आता रांगेतही लुडबुड?" ती हसली, पण बाजूला झाली.

"उपकार झाले," ते गृहस्थ मला म्हणाले आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

मला हायसं वाटलं. आपण काय केलं हे कळत असूनही वाटलं.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

पिशवी होती. गृहस्थ नव्हते.

"ते आजोबा कुठं गेले?"

"कोण आजोबा?"

तिनं पिशवी पायानं बाजूला सारली आणि एक पाऊल पुढे सरकली.

मी डोळे गच्च मिटले. आत मोजणी चालूच होती, नऊपर्यंत आली होती.