बारावा नमुना

मे महिन्यातली दुपार. धुळ्याच्या कॉलेजातल्या परीक्षा संपल्या होत्या, आणि सुलक्षणा मॅडम भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत दगडांची पेटी उघडायला आल्या होत्या. पाच महिने ती कोपऱ्यात तशीच पडून होती.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर उघड्या पडलेल्या खडकांतून त्यांनी आणि त्यांचे सहकारी लीलाधर सरांनी ते नमुने काढले होते. सव्वा लाख वर्षांपूर्वीची प्रवाळं. उभी सापडली तर ती तिथंच जगली, उलटी सापडली तर लाटांनी उखडून आणली. सर असे थर वाचायचे. अकरा नमुने झाले. सगळ्यात खालच्या थरातला बारावा आणायला सर उतरले आणि भरती आली. ते सापडलेच नाहीत. सर आपणहून खाली उतरले, असं मॅडमनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"मॅडम," झाडू भिंतीला टेकवत शिपाईण भिकुबाई म्हणाल्या, "पेटीखाले रोज पानी येस. मी बठ्ठं पुसस... तरी येस."

"नळ गळत असेल."

"नही. पानी खारं शे. आनि रोज कालनापेक्षा तासभर उशिरा येस."

भरतीही रोज अशीच मागे सरकते. मॅडमनी मोबाईलवर त्या किनाऱ्याचं भरतीचं वेळापत्रक काढलं. आजची भरती तीन वाजून दहा मिनिटांनी. घड्याळात तीनला पाच कमी होते.

बाहेर ऊन रखरखत होतं, पंखा गरम वारा फेकत होता, तरी खोलीत शेवाळाचा ओला वास भरला. पेटीखालून पाण्याची कड हळूहळू पुढे सरकली आणि मॅडमच्या चपलांपर्यंत आली. भिकुबाई तोंडाला पदर लावून दारापर्यंत मागे सरल्या.

मॅडमनी झाकण उचललं. एकेक दगड बाहेर काढून टेबलावर मांडला. अकरा... आणि तळाशी आणखी एक, ओला. त्यावर शाईनं, सरांच्या अक्षरात, बारा.

त्यांनी तो उजेडात धरला. प्रवाळ उभं होतं, म्हणजे तिथंच जगलेलं. त्याच्या बारीक कप्प्यांमध्ये काहीतरी चमकलं. सर गळ्यात अडकवायचे ते भिंग. कुणी खुपसलेलं नव्हतं. दगडच त्याच्याभोवती वाढला होता.

"सर... मीच पाठवलं तुम्हाला. पाणी चढताना दिसत होतं मला..."

पायांभोवतीचं पाणी थबकलं.

भिंगाच्या काचेवर आतल्या बाजूनं वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.