जागची न हललेली गाडी

"एकशे एकतीस!" दामिनी ओरडली. "काका, मीटरवर एकशे एकतीस आहे!"

"मग त्यात इतकं ओरडाले काय झालं?" जीवनकाकानं गाडीखालूनच विचारलं. बाहेर त्याचे फक्त दोन पाय दिसत होते.

"काल एकशे बारा होते! मी भिंतीवर खडूनं लिवून ठेवलं आहे, पाहून घे! अन् गाडी तर आपण शेडच्या बाहेर काढलीच नाही!"

ते दोन पाय थबकले. मग काका सरपटत बाहेर आला आणि भिंतीकडे आणि मीटरकडे आळीपाळीनं बघत राहिला. एकोणीस किलोमीटर! गाडी जागच्या जागी, आणि एकोणीस किलोमीटर!

आता ही गाडी म्हणजे काही साधीसुधी गाडी नव्हती. चिखल्याच्या मँगनीज खाणीवर एका ठेकेदाराकडे वर्षानुवर्षं राबलेली ती जुनी डिझेल जीप. काकानं ती भंगारातून आणली. तिचं टप उतरवलं, बॉनेट काढून इंजिन उघडं टाकलं, पुढे बारकी आणि मागे ही रुंद चाकं बसवली. मागची सीटही काढून टाकली. येत्या रविवारी भंडाऱ्याला सजवलेल्या गाड्यांचा मेळा होता, आणि आरटीओच्या कागदांसाठी तीन चकरा मारून काकानं गाडी मेळ्यात न्यायची परवानगी आणली होती. सानगडीत त्याचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची टपरी, तिथे ही गाडी मावेना. म्हणून ती मधुकररावांच्या भातगिरणीमागच्या शेडमध्ये उभी असायची आणि तिची किल्ली दारामागच्या खिळ्याला.

गाडीत आता दोनच जागा उरल्या होत्या. एक काकाची. दुसरी कोणाची?

आठ दिवसांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर दामिनी हसली असती. सहा महिने तिनं या गाडीच्या सांध्यासांध्यातली खाणीची काळी धूळ दातांच्या ब्रशनं खरवडून काढली होती. नखं इतकी काळी झाली की शाळेत बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. तेरा नंबरचा पाना मागितला की ती न बघता तेरा नंबरच काढून द्यायची. दुसरी जागा तिची नाही तर कोणाची?

आणि मग दिवाळीच्या सुटीत नागपूरहून टीना आली!

टीना म्हणजे दामिनीची आतेबहीण, तिच्याच वयाची. पहिल्याच दिवशी तिनं गाडीला फेरी मारली आणि ओरडली, "मामा! ही तर हॉट रॉड आहे!"

"हॉट काय?" काकानं विचारलं.

झालं! टीनाचा मोबाइल निघाला. अमेरिकेतली पोरं जुन्या मोटारी सोलून त्यात मोठाली इंजिनं कशी बसवायची, स्वीडनमध्ये उन्हाळ्यात अशा गाड्यांची केवढी जत्रा भरते, जपानात ट्रकला दिव्यांनी कसं मढवतात! काका हातातला पाना विसरून बघत बसला. दामिनीनं दोनदा चहा आणला, दोन्हीदा तो निवला.

पुढे तर कहरच झाला. दामिनी गाडीला सहा महिने 'काळू' म्हणत होती. टीना म्हणाली, "ब्लॅक टायगर!" आणि काका म्हणाला, "वा! आपल्या नागझिऱ्याच्या जंगलाले शोभते!" टीना म्हणाली, बाजूला आगीच्या ज्वाळा रंगवू, काकानं दुसऱ्या दिवशी रंग आणले. दामिनी म्हणाली, मागे पोळ्याच्या बैलाच्या झुलीसारखी नक्षी काढू, काका म्हणाला, "पाहू." नुसतं पाहू! दामिनीचा जळफळाट झाला. टीनाच्या हसण्याचा, तिच्या मोबाइलचा, तिच्या नीट कापलेल्या पांढऱ्या नखांचासुद्धा तिला राग यायला लागला.

तर असं सगळं चाललेलं असताना मीटरवर एकोणीस किलोमीटर वाढले होते.

काकानं गाडी सुरू केली. पाच मिनिटांत इंजिन तापलं आणि रेडिएटरमधून भसाभस वाफ निघाली. डिझेलही कमी झालं होतं.

"कोणं चालवली गाडी?" काकाचा आवाज चढला. "अशी तापली तर साकोलीलेही पोचत नाही आपण! मेळा गेला कामातून! सांगा, कोणं हात लावला?"

दामिनीचा धाकटा भाऊ मनिष भाताच्या पोत्यावर बसून चिवडा खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला. टीना दाराशी उभी होती. आणि दामिनीच्या तोंडून शब्द निघून गेले.

"काल सकाळी टीना गाडीत बसली होती. एकटीच. मी पायलं."

हे खरं होतं. टीना बसली होती. पण किल्ली तेव्हा खिळ्यालाच होती, टीनानं फक्त फोटो काढला आणि ती उतरली, हेही दामिनीनं पाहिलं होतं. तेवढं मात्र तिनं सांगितलं नाही.

"मामा, शप्पथ! मी फक्त फोटो काढाले..." टीनाचा चेहरा उतरला.

"गाडी म्हणजे खेळणं नाही!" काका कडाडला. "उद्यापासून शेडमध्ये यायचं नाही. शनिवारच्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जा!"

टीना रडत घरी गेली. दामिनीला वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगायचं, तिला गोड वाटलं. त्या संध्याकाळी ती दुसऱ्या जागेवर ऐटीत बसली. पण काका पुन्हा गाडीखाली शिरला, आणि थोड्या वेळानं ती उतरली.

"ताई," घरी जाताना मनिष म्हणाला, "टीनाताईले तर गियरही माहीत नाही. तिनं एकोणीस किलोमीटर कशी चालवली व?"

"तू चिवडा खा!" दामिनी खेकसली.

पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. गुन्हा टीनाचाच आहे हे एकदा पक्कं होऊ दे, म्हणजे मन शांत होईल! गुरुवारी सकाळी तिनं आईच्या डब्यातून वाटीभर तांदळाचं पीठ घेतलं आणि चारही चाकांच्या पुढेमागे त्याची जाड रेघ ओढली. गाडी बोटभर जरी सरकली तरी पिठावर चाकाचा ठसा उमटणारच!

त्या दिवशी टीना घराबाहेर पडलीच नाही. आई, म्हणजे मंदाबाई, तिला चकल्या पाडायला बसवून होती.

संध्याकाळी दामिनीनं शेडचं दार उघडलं. मीटरवर एकशे त्रेपन्न! आणि पिठाच्या रेघा? जशाच्या तशा! चाकाचा ठसा नाही, काही नाही. फक्त मागच्या डाव्या चाकाजवळ पिठावर भाताचा बारीक कोंडा पसरलेला.

"भूत आहे!" मनिष दाराकडे सरकला.

"भुताले डिझेल लागते का बे?" दामिनी खाली वाकली. मागच्या डाव्या टायरवर मधोमध एक पट्टा घासून चकचकीत झाला होता. बाजूला मातीत छोटा चौकोनी खळगा होता. असा खळगा तिनं शंभर वेळा पाहिला होता. जॅक लावला की जमिनीवर तो उमटतोच!

तिच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. मीटर रस्ता कुठे मोजतं? ते चाकाचं फिरणं मोजतं! कोणीतरी चाक वर उचलून फिरवत होतं. त्या चाकावर पट्टा टाकत होतं. आणि शेडच्या त्या कोपऱ्यात धान उफणायचा मधुकररावांचा मोठा पंखा होता. दुपारी एक ते चार रोज लाइन जायची, विजेवरचा तो पंखा बंद पडायचा. गावात ट्रॅक्टरच्या चाकावर पट्टा टाकून पंखे फिरवताना तिनं पाहिलंच होतं की!

म्हणजे टीना नव्हती. टीना मुळीच नव्हती.

दामिनी पिठाच्या रेघेजवळ बसून राहिली. आता फक्त दोन दिवस गप्प बसायचं. शनिवारी टीना जाईल आणि दुसरी जागा आपोआप आपली होईल. कोणाला कळणारसुद्धा नाही! हा विचार तिला इतका आवडला की तिची तिलाच भीती वाटली.

रात्री जेवताना टीनानं आपल्या ताटातली सगळ्यात कुरकुरीत चकली मनिषला दिली आणि दामिनीकडे बघितलंसुद्धा नाही. सकाळी ती मान खाली घालून बॅग भरत होती. दामिनी दारात येऊन उभी राहिली.

"तू काहून आली?" टीनानं विचारलं.

"चोर सापडला आहे." दामिनी म्हणाली. "तू नाहीस. अन् तू नाहीस हे मले बुधवारीच माहीत होतं. किल्ली खिळ्याले होती, मी पायली होती. काकाले सांगितलं नाही."

"काहून?"

"तू आली अन् काका तुझाच झाला म्हणून!"

टीनानं बॅगेची चेन खर्रकन लावली. मग तिनं बॅगेची चेन पुन्हा उघडली. "तुले तर मी पाहून घेईन नंतर. आधी चोर दाखव!"

शुक्रवारी दुपारी तिघंही शेडमध्ये भाताच्या पोत्यांच्या थप्पीमागे दबा धरून बसली. एक वाजला. लाइन गेली. मनिषला शिंक येत होती, टीनानं त्याचं नाक धरून ठेवलं.

दार करकरलं. धोतराचा काष्टा खोचत, गुणगुणत आत आले ते खुद्द मधुकरराव! त्यांनी किल्ली काढली, मागच्या डाव्या चाकाखाली जॅक लावून ते वर उचललं, चाकावरून पंख्यापर्यंत पट्टा ओढला आणि गाडी सुरू केली. धडधड धडधड! पंखा गरगर फिरायला लागला. मधुकरराव, म्हणजे मुलांचे आबाजी, टोपल्यानं धान ओतत होते आणि उडणारा कोंडा सरळ जाऊन उघड्या इंजिनावर बसत होता.

"मनिष, पळ! काकाले आण!" दामिनी कुजबुजली.

"अन् तोपर्यंत यायनं आवरून ठेवलं तर?" टीना म्हणाली. "आबाजी सरळ नाही म्हणतीन. मोठ्यांचंच ऐकतात सगळे!"

दामिनीनं गाडीकडे पाहिलं. जॅकचा दांडा जमिनीवर पडला होता. तो नसेल तर चाक खाली येणार कसं? ती पोटावर सरपटत निघाली. आबाजींची पाठ वळली तशी तिनं दांडा उचलला, मागे टीनाच्या हातात दिला आणि टीनानं तो पोत्यांखाली सारला. दोघींचं हे पहिलंच काम एकत्र झालेलं!

बाहेर काकाच्या मोटरसायकलचा आवाज आला. मधुकरराव दचकले. त्यांनी इंजिन बंद केलं, पट्टा ओढून काढला आणि जॅककडे धावले.

"दांडा! अरे, दांडा कोठी गेला? इथंच तर ठेवला होता!"

"हा घ्या, आबाजी!" थप्पीमागून दोन्ही मुली उभ्या राहिल्या. आणि दारात जीवनकाका उभा होता. त्याच्या गाडीचं एक चाक हवेत होतं.

"मधुकरभाऊ!"

"अरे जीवन, तापू नको," मधुकरराव डोक्यावरचा कोंडा झटकत म्हणाले. "पंख्याची मोटर लाइनीवर, अन् लाइन नाही. धान तसंच पडून होतं. अन् गाडी तर जागची हलली नाही न! मग वापरली कशी म्हणता येईन?"

मनिष फिस्सकन हसला. काकानं रेडिएटरच्या जाळीत बोटं घातली. आतून कोंड्याचा जाड थर गोधडीसारखा निघून आला!

"बॉनेट नाही, अन् तुमी कोंडा उडवून राहिले! वारा जाईन कोठून? तापणार नाही तर काय होईन?" काकानं कपाळावर हात मारला, आणि मग मुलींकडे वळला. "शाबास! हे ओळखलं कोणं?"

"दामिनीनं," टीना म्हणाली. "पीठ टाकलं, टायरचा पट्टा पायला, दांडाही तिनंच उचलला!"

आता नुसतं हसून उभं राहता आलं असतं. पण दामिनीनं मान खाली घातली. "काका, पीठ मी टीनाले पकडाले टाकलं होतं. किल्ली खिळ्याले होती हे मी मुद्दाम सांगितलं नाही. मले जागा पाहिजे होती."

मधुकररावसुद्धा ओशाळून बघत राहिले.

"मीही कसा वेडा," काका शेवटी म्हणाला. "सहा महिने जिनं धूळ काढली तिले इचाराचं राहूनच गेलं. अन् टीना, मी तुझं ऐकूनच घेतलं नाही. मले माफ कर, बाई. आता तूच सांग दामिनी, जागा कोणाची?"

"टीनाची," दामिनी म्हणाली.

"अर्धी अर्धी!" टीना लगेच ओरडली. "लाखनीपर्यंत मी, पुढं दामिनी!"

शनिवारी रेडिएटर धुतलं. मधुकररावांनी स्वतः बादल्या वाहिल्या. ज्वाळांच्या मागे दामिनीनं लाल-पिवळी झूल रंगवली आणि टीनानं पांढऱ्या नखांनिशी तिचे गोंडे काढले. नखं पांढरी राहिली नाहीत. गाडीचं नाव ठरलं 'काळू टायगर'.

रविवारी पहाटे गाडी निघाली. पुढे काका आणि टीना, मागे मधुकररावांच्या टेम्पोत दामिनी आणि मनिष. शिक्षा म्हणून आबाजींनी टेम्पो फुकट काढला होता! साकोली गेली. दामिनी रस्त्याकडेचा एक एक दगड मोजत होती. टीनाचे केस वाऱ्यावर उडत होते. "नाही उतरणार ती," दामिनी मनाशी म्हणत होती. "लाखनी आली की म्हणेल, थोडं पुढे, आणखी थोडं पुढे. मी असते तर मी नसते उतरले!"

लाखनी अजून चांगली पाच किलोमीटर होती, तोच काळू टायगर रस्त्याच्या कडेला थांबला.

"पुन्हा तापली?" दामिनी उडी मारून धावली.

टीना खाली उभी होती. "कायले तापन? मामा म्हणतात, इथून पुढं रस्ता सरळ आहे, मस्त पळते. पळणारा रस्ता तुझा. बस लवकर!"

"पण लाखनी अजून..."

"मोजून राहिली होती काय तू?" टीनानं डोळे मिचकावले.

दामिनीचे कान लाल झाले. टेम्पोच्या खिडकीतून मधुकरराव ओरडले, "बस न व पोरी! अशा पोरी असल्यावर जीवन, तुले मेळ्यात बक्षीस कायले पाहिजे रे!"

दामिनी गाडीत चढली. पण ऐसपैस बसली नाही. तिनं सरकून सीटचा अर्धा कोपरा मोकळा केला, मागे वळून पाहिलं आणि काकाला विचारलं, "दोघी मावतो का?"

"नाही," काका म्हणाला. "कायदा आहे."

"मग परत येताना साकोलीपर्यंत ती," दामिनी टीनाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "अन् साकोलीपासून घरापर्यंतही तीच!"

काकानं गियर टाकला आणि काळू टायगर गुरगुरत निघाला. आता टेम्पोतून टीना दगड मोजत होती की नाही, हे दामिनीनं वळून पाहिलं नाही.