डाव्या कुशीवर

"दुखत नाही हो आजोबा. जेल तेवढं गार लागेल. डाव्या कुशीवर वळा, हात डोक्याखाली घ्या." सकाळपासून हेच बोलून इकोवाल्या ताईंची जीभ गुळगुळीत झाली होती.

"आत काय दिसतंय?" आजोबांनी विचारलं.

"हृदयच दिसतंय. दुसरं काय दिसणार?"

"नाही, आमची मंडळी म्हणते दगड आहे."

ताई हसल्या. तपासणी झाल्यावर त्यांनी आजोबांच्या छातीला चिकटवलेल्या तीन वायरी सोडवल्या, जेल पुसलं आणि त्यांना बाहेर बसलेल्या आजींच्या हवाली केलं. आजी लगेच त्यांच्या शर्टाची बटणं लावायला लागल्या. ताईंनी दार लोटून घेतलं.

शनिवार, त्यामुळे दवाखाना दुपारीच रिकामा झाला. ताईंना मात्र घरी जायची घाई नव्हती. आई गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. आईच्या हृदयाची मधली भिंत जाड झाली होती, ती झोपेतच गेली. "हे घराण्यात उतरतं म्हणे, तूही तपासून घे," असं भाऊ फोनवर म्हणाला, आणि तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला. तेव्हापासून ताईंच्या छातीत जरा धडधडलं की त्या हातातलं काम सोडून स्वतःची नाडी मोजायच्या. डॉक्टरांना सांगावं, तर सगळ्या दवाखान्यात बोभाटा होणार. ती कीव त्यांना नको होती.

त्यांनी कडी लावली, दिवा मंद केला, मशीन पलंगाच्या पुढ्यात ओढलं आणि स्वतःच डाव्या कुशीवर आडव्या झाल्या. उजव्या हाताने जेल लावलेला प्रोब छातीला टेकवला. "गार लागेल हं," असं तोंडातून निघालंच. कोणाला सांगतेय मी, म्हणून त्यांचं त्यांनाच हसू आलं.

चित्र आलं. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. मधली भिंत सापडली. चित्र थांबवून त्यांनी माप घेतलं. विश्वास बसेना म्हणून परत घेतलं. नॉर्मल! अगदी पुस्तकात दाखवतात तशी. ताईंचा जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले.

"नॉर्मल आहे गं," त्या मोठ्याने म्हणाल्या.

खोलीत मशीनची घरघर तेवढी होती. एवढी चांगली बातमी, आणि सांगायला कोणी नाही. आजार निघाला असता तर निदान भाऊ तरी धावत आला असता, असंही त्यांना वाटून गेलं.

त्यांनी चित्र पुन्हा चालू केलं, तेव्हा पडद्याच्या तळाशी लक्ष गेलं. ठोक्यांची हिरवी रेघ चालली होती.

ती रेघ छातीला लावलेल्या वायरींतून येते, आणि वायरी लावायला तर त्या विसरल्या होत्या. कायम दुसऱ्याला लावायची सवय. स्वतःची छाती कोरीच.

विजेच्या लाइनचा काहीतरी घोळ असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पण घोळ असा शिस्तीत चालत नाही. वर चित्रात त्यांचं हृदय धावत सुटलं होतं आणि खालची रेघ सावकाश चालली होती, स्वस्थ पडलेल्या माणसाची चालते तशी.

मशीनमधून निघालेल्या तिन्ही वायरी त्यांच्या कमरेवरून पाठीमागे गेल्या होत्या. ताणलेल्या होत्या.

मान वळवायचा धीर होईना.

"कोण आहे?"

रेघ एकदम सैरावैरा धावू लागली.

घाबरलेल्या पेशंटच्या रेघेची ती धांदल ताईंनी रोजच्या रोज बघितलेली. तोंडून सवयीनेच निघालं, "घाबरू नका. काही दुखणार नाही."

रेघ हळूहळू शांत झाली.

"श्वास घ्या. रोखा."

पाठीमागे पलंगाचं रेक्झिन करकरलं.

"सोडा."

मानेवर श्वास लागला. थंड होता.

ताई उठल्या नाहीत. पलंग अरुंद होता. त्या जराशा कडेला सरकल्या, आणि मागची गादी हळूच खाली दबली.